नऊ नंबर

माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून २००५ अशी आहे. आमच्या वर्गात १ जूनला जन्मलेले आम्ही अकरा जण होतो. एका लहानशा गावात एकाच दिवशी एवढी बाळंतपणे झाली असती तर आमची म्हातारी सुईण त्या दिवशी वेडीच झाली असती! पण तसे काही झाले नव्हते. गुरुजींनी पोरे गोळा केली, ओळीने उभी केली आणि उंची पाहून वय लिहिले. पट कमी पडत होता म्हणून मला वर्षभर आधीच बसवले, आणि सहा वर्षे पुरी दिसावीत म्हणून तारीख मागे सरकवली.

माय मात्र वेगळे सांगते. "करीच्या दिवशी झाला तू. सकाळीच पोटात दुखाले लागलं. आजीनं तिळाचे लाडू बांधाले घेतले व्हते, ते तसेच परातीत रायले." म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस, १५ जानेवारी २००६. मायला लिहिता येत नाही, पण तिची तारीख खरी आहे. तिला लाडू आठवतात.

साडेसात महिन्यांचा तो फरक. एवढ्याशा फरकाचे काय घेऊन बसलास, असे वाचक म्हणतील. मीही तेच म्हणत होतो, फुटबॉल येईपर्यंत.

आमचे गाव लोणार तालुक्यात. सरोवर पाहायला लांबलांबून लोक येतात, त्यांच्या गाड्या आमच्या फाट्यावरून जातात; थांबत मात्र नाहीत. गावात कबड्डी होती, विटीदांडू होता, आणि लाकडाच्या फळीचे क्रिकेट होते. फुटबॉल नव्हता. मी सातवीत असताना, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, तो सरकारी हुकमाने आला. त्या वर्षी सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात होणार होता. त्यानिमित्त महाराष्ट्रातल्या दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा अशी शासनाची योजना होती. शाळांना चेंडू वाटले गेले. शुक्रवार होता. आम्ही रांगेने मैदानावर गेलो. मैदान म्हणजे मुरमाचा उतार. चेंडू वरच्या अंगाला मारला तर परत येई, खालच्या अंगाला मारला तर नाल्यात जाई. गुरुजींनी शिट्टी वाजवली आणि साऱ्या शाळेने एकदम चेंडूवर उडी घेतली. दहा लाखांत माझाही एक पाय होता!

दुसऱ्या दिवशी चेंडू कपाटात गेला. पण आम्हाला चटक लागली होती. आम्ही चार-पाच जणांनी जुन्या कपड्यांचा गोळा सुतळीने आवळून चेंडू केला. सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या झालेल्या वावरात खेळू लागलो. मी सगळ्यांत बारका. बारक्या पोराला मागे ठेवून भागत नाही, धडकेत पडतो. म्हणून मला पुढे गोलाजवळ उभे केले. तिथे ताकद लागत नाही, वेळ साधावी लागते. चेंडू येण्याच्या आधी अर्धे पाऊल निघायचे. उशीर झाला की गेला, लवकर निघालो तरी गेला. ते मला जमत होते. का जमत होते हे सांगता येणार नाही. मायला भाकरी उलटायची वेळ कळते, तसे असेल.

६ ऑक्टोबरला रात्री आठ वाजता शेजारच्या काकांच्या टीव्हीवर आम्ही भारताचा पहिला सामना पाहिला. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम, समोर अमेरिका. फुटबॉलच्या कोणत्याही वयोगटाच्या विश्वचषकात भारतीय मुले उतरण्याची ती पहिलीच वेळ. एकवीस मुलांत आठ एकट्या मणिपूरची होती. आणि सगळ्यांच्या पुढे, एकटाच, अमेरिकेच्या उंच पोरांत धावत होता अनिकेत जाधव. काका म्हणाले, "जाधव म्हणजे आपलाच की रे!" आपला म्हणजे कोल्हापूरचा. लोणारहून कोल्हापूर किती लांब ते मला तेव्हा माहीत नव्हते, पण आडनाव मराठी होते एवढे पुरेसे होते.

भारत तीन-शून्यने हरला. पुढचा सामना कोलंबियाशी. त्यात ब्याऐंशीव्या मिनिटाला जीक्सन सिंगने कॉर्नरवरून आलेल्या चेंडूला डोके लावून गोल केला, विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. आम्ही ओरडत अंगणात आलो. परत आत जाईपर्यंत कोलंबियाने दुसरा गोल केलेला होता! घानाने तर चार मारले. तीन सामने, तीन पराभव. पण आम्हाला हरल्यासारखे वाटलेच नाही. मी मायजवळ हट्ट धरला, मला नऊ नंबर पाहिजे. पुढे खेळणाऱ्याचा तो मानाचा नंबर, असे काकांनी सांगितले होते. मायने तिच्या जुन्या लाल पोलक्याचा काठ फाडून माझ्या शाळेच्या पांढऱ्या शर्टावर नऊ शिवून दिला. तिला अंक येत नाही म्हणून मी खडूने आखून दिला होता. शाळेत त्या शर्टाबद्दल मार खाल्ला, ते जाऊ द्या.

दादा... वडिलांना आम्ही दादाच म्हणतो. दोन एकर कोरडवाहू आणि बाकी दिवस दुसऱ्याच्या वावरात. ते म्हणाले, "पायानं चेंडू हाणून कोनाचं पोट भरलं रे बापा?" मी अनिकेतचे नाव सांगितले. त्याचे वडील रिक्षा चालवतात हेही सांगितले. दादा थोडा वेळ बिडी ओढत राहिले आणि म्हणाले, "रिक्षा रोज चालते. पाऊस रोज येते काय?"

आता माझ्या साडेसात महिन्यांकडे येतो. २०१९ साली मी नववीत होतो. चौदा वर्षांखालील शालेय स्पर्धा होत्या. तालुका, मग जिल्हा, मग अमरावती विभाग, मग राज्य, अशी ती शिडी असते. नियम असा होता की जन्म १ जानेवारी २००६ रोजी किंवा त्यानंतरचा पाहिजे. मायच्या हिशेबाने मी पंधरा दिवसांनी बसत होतो. दाखल्याच्या हिशेबाने सात महिन्यांनी बाद होतो. सरांनी दाखला पाहिला, माझ्याकडे पाहिले, पुन्हा दाखला पाहिला. म्हणाले, "तू दिसतोस बारा वर्षांचा. पण मी काय करू?" त्यांची चूक नव्हती. मला सतरा वर्षांखालच्या संघात नाव टाकून नेले. तिथे मिशा फुटलेली पोरे होती. मी बाहेर बसून पाण्याच्या बाटल्या आणि चपला राखल्या. आमच्या चौदाखालच्या संघाला पुढे उभा राहणारा नव्हता. तो पहिल्याच सामन्यात हरला.

नंतर कळले की मोठ्या स्पर्धांत दाखल्यावर विसंबतच नाहीत. सतरा वर्षांखालच्या विश्वचषकासाठी फिफा खेळाडूंच्या मनगटाचा एमआरआय काढते. हाडे जुळली आहेत की नाहीत त्यावरून वय ठरवतात. वय चोरणाऱ्यांना पकडण्यासाठी ही युक्ती आहे. ती वाचली तेव्हा मी स्वतःचे मनगट कितीतरी वेळ चाचपत बसलो होतो. माझ्या गुरुजींनी माझे वय चोरले नव्हते, वाढवले होते. असा चोर कोणी पकडत नाही!

अनिकेतचा जन्म १३ जुलै २००० चा. २०१७ च्या विश्वचषकाला १ जानेवारी २००० नंतर जन्मलेली मुले चालत होती. म्हणजे तो बरोबर वेळेत आला. पण वेळेत जन्मणे पुरेसे नव्हते, वेळेत कुणाला दिसणेही आवश्यक होते. तो लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. ही शासनाची निवासी शाळा असते. तेव्हा आठ-दहा वर्षांच्या मुलांची चाचणी घेत. तीस मीटर धावणे, उभ्याने लांब उडी, एक किलोचा मेडिसिन बॉल फेकणे, आठशे मीटर पळणे, अंग किती वाकते ते पाहणे. त्यात चेंडू नसेच. हे मूल पुढे कसे वाढेल त्याचा अंदाज घेत. निवड झाली की राहणे, जेवण, शाळा आणि सराव एका जागी. अशी शाळा आहे हे मला कळले तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो, आणि कळले तेही कोल्हापुरात, उसाच्या फडात.

दहावीची परीक्षा २०२१ मध्ये करोनामुळे झालीच नाही. सगळ्यांबरोबर मीही पास झालो. त्याच वर्षी मामी आजारी पडली. मामाने मुकादमाकडून उचल घेतलेली होती, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मामी गेली नाही तर कोयता अर्धा. उचल तर पूर्ण फेडायची. तेव्हा मामीच्या जागी मी गेलो. अकरावीचे ते वर्ष माझे असे गेले. दिवाळीनंतर ट्रॅक्टरमध्ये बसलो ते कोल्हापूर जिल्ह्यात उतरलो. पहाटे चारला उठायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून ट्रॉलीत चढवायच्या. पाने हाताला कापतात. मोळी घेऊन फळीवरून चढताना मात्र मला माझे अर्धे पाऊल उपयोगी पडले, मामा म्हणायचा, "तोल बरा हाय पोराचा."

एका रविवारी गाडी मिळाली नाही म्हणून तोड बंद होती. आम्ही अंबाबाईच्या दर्शनाला शहरात गेलो. मामा देवळाच्या रांगेत, आणि मी आवाजाच्या दिशेने. शाहू स्टेडियमवर दोन पेठांच्या तालमींचा सामना चालू होता. वाचकहो, मी आयुष्यात एवढी माणसे फुटबॉलसाठी जमलेली पाहिली नव्हती. कोल्हापुरात कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा अशी तालमींची नावे आणि त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळासारखी मंडळे. संस्थानच्या काळापासून हा खेळ पेठेच्या अब्रूचा. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारले, "कुठलं रं बाळा तू?" मी बुलडाणा म्हटले. "लई लांबनं आलास की! ऊस का?" माझे हात पाहूनच त्यांनी ओळखले.

मी त्यांना अनिकेतबद्दल विचारले. ते म्हणाले, "आमच्यात त्याच्यासारखी पोरं हर गल्लीत हाईत. पर त्याला बारका असताना पुण्याला न्हेलं. हितं ऱ्हायला असता तर पेठंचा झाला असता, देशाचा न्हाई." आणि मग त्यांनीच मला प्रबोधिनीची सगळी हकिगत सांगितली. सामना कोण जिंकले ते मी विसरलो. परत येताना मामा प्रसादाचा पेढा माझ्या हातावर ठेवत होता, आणि मी मनात हिशेब करत होतो: मी आठ वर्षांचा होतो ते साल २०१४. तेव्हा आमच्या गावात फुटबॉल नव्हता. तीन वर्षांनी आला.

त्याच हंगामात, २० मार्च २०२२ च्या रात्री, आम्ही खोपीसमोर ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरच्या मोबाईलवर इंडियन सुपर लीगची अंतिम लढत पाहिली. गोव्यात फातोर्ड्याला हैदराबाद विरुद्ध केरळ. अनिकेत त्या हंगामात हैदराबादच्या संघात होता. काचेला तडा गेलेला, चित्र तळहाताएवढे, पाठीवरची नावे वाचता येत नव्हती. बरोबरी झाली आणि गोवेकर गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीने तीन पेनल्टी अडवल्या. हैदराबाद जिंकले. ड्रायव्हर म्हणाला, "तुझा जाधव कुठं हाय यात?" मी उगाच एका ठिपक्याकडे बोट दाखवले. पहाटे चारला पुन्हा फड.

त्याच महिन्यात तो भारताच्या ज्येष्ठ संघाकडूनही खेळला. लिहायला हे किती सरळ आहे! पण त्याच्या वाटचालीकडे मी जेव्हा नीट पाहतो तेव्हा ती सरळ दिसत नाही. विश्वचषक संपल्यावर महिना-दीड महिन्यात त्याच मुलांचा ‘इंडियन ॲरोज’ हा संघ आय-लीगमध्ये उतरला. त्यात एकही परदेशी खेळाडू नव्हता. २९ नोव्हेंबर २०१७ ला पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला तीन-शून्यने हरवले. त्यातले दोन गोल अनिकेतचे. तेव्हा वाटले असेल की आता गोलांची रास पडणार. पुढे तो जमशेदपूरला गेला. इंग्लंडात ब्लॅकबर्न रोव्हर्सकडेही काही काळ सराव करून आला. त्या क्लबचे मालक पुण्याचे व्यंकीजवाले. मग हैदराबाद, मग ओडिशा. पण जसजसा क्लब मोठा होत गेला तसतसा तो गोलापासून दूर, कडेच्या रेषेकडे सरकत गेला. पुढचा खेळाडू होता तो बाजूचा झाला.

का? त्याचे कारण हैदराबादच्या त्या संघातच आहे. मध्यभागी नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओगबेचे होता, त्या एका हंगामात अठरा गोल करणारा. २४ जानेवारी २०२२ ला ईस्ट बंगालविरुद्ध चार गोल झाले. तीन ओगबेचेचे, एक अनिकेतचा. मालकाला यंदाच गोल हवे असतात. शिकणाऱ्या पोराला गोलासमोर उभे करून वाट पाहायला कोणाला परवडते? म्हणून तयार माणूस बाहेरून आणतात आणि आपल्या पोराला म्हणतात, तू कडेने पळ, चेंडू त्याला दे. सुपर लीगच्या २०१४ ते २०२५ या अकरा हंगामांत सर्वाधिक गोलांचा सोनेरी बूट एकाही भारतीयाला मिळालेला नाही. सुनील छेत्रीने ६ जून २०२४ ला देशाच्या संघातून निरोप घेतला. नऊ महिन्यांनी, २०२५ च्या मार्चमध्ये, चाळिशीतल्या त्याच छेत्रीला परत बोलवावे लागले. आला, आणि मालदीवविरुद्ध गोलही केला. मला त्या गोलाचा आनंद झाला आणि लाजही वाटली.

काही मित्र म्हणतात, अनिकेतचे पुढे काय झाले, नुसता गाजावाजा. मला हे बोलणे आवडत नाही. सतराव्या वर्षी साऱ्या देशाने ज्याच्याकडून गोल मागितला, त्याने नंतरची वर्षे दुसऱ्याला चेंडू देत, बाकावर बसत, उठत, पुन्हा जागा मिळवत काढली. हे काम आहे. आमचे दादा वावरात काम करतात त्याला कोणी गाजावाजा म्हणत नाही. रिक्षा रोज चालते हे दादांचे म्हणणे खरे होते. पण फुटबॉलही रोजच चालवावा लागतो, हे त्यांना मी अजून पटवू शकलो नाही.

मी अकरावी, बारावी केली, आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा पहिला झालो. धाकटीला पहिलीत घालताना मी स्वतः ग्रामसेवकाकडून तिच्या जन्माचा दाखला आणला होता आणि गुरुजींच्या टेबलावर ठेवला होता. तिची तारीख खरी आहे. माझी दुरुस्त करण्यासाठी शाळा सोडण्याआधीच अर्ज करायला हवा होता म्हणतात. आता प्रत्येक अर्जावर १ जून लिहिताना हात अडखळत नाही.

यंदा आमच्या महाविद्यालयाच्या फुटबॉल संघात माझे नाव आले. इथे वयाची अडचण नाही; कागदावर वीस, मायकडे एकोणीस, दोन्ही चालतात. नऊ नंबरचा शर्ट तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याकडे आधीपासूनच होता. मला चौदा मिळाला. सामन्यात आम्ही शून्य-तीनने मागे होतो. शेवटची दहा मिनिटे उरली तेव्हा सरांनी मला आत पाठवले. उजवीकडून चेंडू आला, बचाव करणारा थबकला, मी अर्धे पाऊल आधी निघालो. चेंडू पायाला लागलाच नाही, गुडघ्याला लागून जाळीत गेला. गोलासमोर आम्ही दोघे-तिघे एकावर एक पडलो होतो.

सामना आम्ही एक-तीनने हरलो. संध्याकाळी सरांनी सामन्याचा कागद दाखवला. गोल नऊ नंबरच्या नावावर लिहिलेला होता. नऊ नंबरवाला बिचारा म्हणाला, चल, सांगू आपण. मी म्हटले, राहू दे.

रात्री घरी पोचलो तेव्हा माय चुलीपाशी होती. तिने भाकरी उलटली आणि विचारले, "लागला का रे?"

"लागला," मी म्हटले.

"कुठं?"

मी गुडघा दाखवला. ती हळद आणायला उठली.